मचवा, खानापूर

शिडी अकरा पायऱ्यांची. घर वर आहे.
खाली बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं आवार,
लोंढ्याहून आणलेले रेल्वेचे जुने स्लीपर,
आणि त्यांच्यावर हा:
नाळ मलप्रभेकडं, पिछाडी भट्टीच्या धुराड्याकडं.
समुद्र घाटाखाली, दीडशे किलोमीटर.

एकतीस वर्षं मी बेळगाव–कारवार गाडी चालवली.
मुक्कामाची गाडी. पहाटे कोडीबागच्या खाडीवर चहा,
आणि चहासमोर हा, चिखलात एका कुशीवर,
ओहोटीत झोपलेला, भरतीतही झोपलेला.
निवृत्त झालो त्या वर्षी विकत घेतला.
मालनला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.
भाकरीला भोक पडलं, तेवढंच.

अरबैल घाटात मी ट्रकच्या क्लीनरच्या जागेवर बसलो,
जन्मात पहिल्यांदा.
एका वळणावर समोरचा ट्रक थांबला,
ड्रायव्हर खाली उतरला, ताडपत्रीला हात जोडले,
विचारलं, कुठल्या मंडळाची मूर्ती?
मी काय सांगणार.
म्हटलं, खानापूरची.

राहायला यायचं ठरलं नव्हतं.
तिसऱ्या रात्री तांब्याचे खिळे चोरीला गेले,
चौथ्या रात्री मी चटई घेऊन वर आलो.
आता स्टोव्ह आहे, कंदील आहे, मच्छरदाणी आहे,
रात्री कूस बदलली की फळी बोलते
आणि मी तिला म्हणतो, थांब, मी आहे.
मंगळवारी मालन डबा घेऊन येते.
शिडी चढत नाही. खालूनच टोपलं दोरीला बांधते.

भरमा सुतार गाड्यांची चाकं करणारा.
नदीपलीकडं कधी गेला नाही.
दोन दिवस नुसता भोवती फिरला,
मग म्हणाला, बैल कुठं जुंपतास ह्येला?
तिसऱ्या दिवशी कुजलेलं वाकं उपसलं,
नाण्याच्या ओंडक्यावर बोटानं कमान काढली,
मोजपट्टी खिशातच.
चाकाचा पुठ्ठा बसवतात तसं बसवलं त्यानं,
ठोकून, ऐकून, परत ठोकून.
मग कान लावून म्हणाला, हां, आता गप बसलंय की.

नाळेवरचं नाव खरवडलं.
मराठीखाली कानडी, कानडीखाली रोमन अक्षरं,
त्याखाली नुसती एक हिरवी रेघ, हात थरथरलेली.
कचेरीतला एक जण चौकशीला आला,
पाटी कुठल्या भाषेत लावणार?
म्हटलं, साहेब, अगोदर तरंगू दे.

कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं.
फळीफळीत फट पडते, तिच्यातून ऊन आत येतं
आणि माझ्या अंथरुणावर रेघा ओढतं.
कोडीबागच्या म्हाताऱ्यानं निघताना बजावलं होतं,
त्याला तहानलेला ठेवू नकोस, आणि आळणी ठेवू नकोस.
म्हणून विहिरीचं पाणी, रोज चाळीस बादल्या,
आणि जाडं मीठ, पोत्यानं.
किराणावाला पावती फाडता फाडता विचारतो,
मामा, एवढं लोणचं खाणार कोण?

पाण्यात असता तर पाणी आत आलं असतं.
इथं ते बाहेर जातं.
मी आतून भरतो आणि खाली उतरून बघत बसतो,
कुठं ओल धरली, कुठं थेंब आला.
तिथं खडूनं फुली. फुलीच्या जागी काथ्या, राळ, तेल.
जानेवारीत एकशे सहा फुल्या होत्या.
काल मोजल्या. एकोणीस.

आज सकाळी बाहेर घसघस ऐकू आली.
डोकावलो तर निंगव्वाच्या बकऱ्या,
पुढचे पाय स्लीपरवर टेकून, माना वर करून
एकेक फुली चाटत होत्या.
निंगव्वा काठी उगारून ओरडली, कानडीत.
मी वरून हात हलवला, असू दे म्हटलं.
एक काळी शेळी नाळेखालची फळी सोडेना.
तिथं मी फुली केलीच नव्हती.
खडू घेऊन शिडी उतरलो.